पुऱ्या आवाजात

बाईंच्या खांद्याला मी हात लावला. एवढंच केलं होतं.

सातवीचा वर्ग. बाई फळ्याकडे तोंड करून नकाशा काढत होत्या. मला तहान लागली होती. मी बाकावरून उठले, पुढे गेले आणि मागून त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. आमच्या घरात कोणाला बोलवायचं तर असंच बोलवतात.

बाई दचकल्या, खडू खाली पडला. वळून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या खांद्याकडे. सकाळी कारखान्यात सुताच्या कांड्या भरून मी शाळेत यायचे, त्यामुळे बोटांना सुताची रुई चिकटलेली असायची. त्यांच्या ब्लाउजवर दोन पांढरे तंतू राहिले होते. त्यांनी कमरेचा रुमाल काढला आणि खांदा पुसला. सावकाश पुसला, सगळ्या वर्गाला दिसेल असा. नंतर तो रुमाल कमरेला परत खोचला नाही. टेबलाच्या कडेला लांब टाकला.

"अंगाला हात लावून बोलतात का माणसं? तोंड नाही तुला?"

तोंड होतं. मी म्हटलं, "बाई, पानी प्यायला जाव का?"

माझ्या आवाजात म्हटलं. दुसरा आवाज मला ठाऊकच नव्हता. वर्ग खो खो हसायला लागला. शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन बघून गेले. बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अगं, मी काय खाडीपलीकडे उभी आहे? जा, बाहेर व्हरांड्यात उभी राहा. तुझा आवाज तिथून पुरतो."

मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. पाणी प्यायला सांगितलं की नाही तेच कळलं नव्हतं, म्हणून नळाकडे गेलेच नाही. तहान तशीच राहिली.

ती एका दिवसाची शिक्षा असती तर मी विसरले असते. मारही खाल्लाय मी शाळेत, तो कोणाला आठवतो. पण बाईंना त्या गोष्टीची गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारला आणि मी उभी राहिले तशा म्हणाल्या, "थांब, थांब. तू बाहेरून सांग." तिसऱ्या दिवशीही तेच. मग रीतच पडली. माझी पाळी आली की मी उठायचे, व्हरांड्यात जायचे, दाराच्या चौकटीबाहेर उभं राहून उत्तर द्यायचे आणि परत आत येऊन बसायचे. उत्तर बरोबर असलं तरी वर्ग हसायचा, चुकलं तरी हसायचा. बाईंनी मला नाव ठेवलं, भोंगा. गिरणीला भोंगा असतो तसा आमच्या वर्गाला हा भोंगा. शाळाभर माझं तेच नाव झालं. खालच्या वर्गातली पोरंसुद्धा मला बघून तोंडाचा चंबू करून हूं असा आवाज काढायची.

एकदा त्यांनी सगळ्यांना विचारलं, मोठेपणी कोण होणार. कोणी डॉक्टर म्हणालं, कोणी बँकेत म्हणालं. मी व्हरांड्यातून म्हटलं, "बाई होनार."

बाई हसल्या. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू बाई झालीस तर पोरांना कानात बोळे घालून बसावं लागेल."

हे वाक्य मी आजतागायत कोणाला सांगितलं नव्हतं.

आता माझा आवाज मोठा का, ते सांगते. कोणी मला विचारलं नाही कधी, म्हणून सांगते.

आम्ही आगरी. भिवंडीच्या खाडीकाठचे. आमची माणसं बोलली की शहरातल्यांना भांडणच वाटतं. पण माझा आवाज नुसता जातीचा नव्हे. तो लूमचा आहे. माझा बापूस पॉवरलूमवर कामाला. आमची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून, एकच भिंत, इकडे आमची मांडणी आणि तिकडे लूम. सकाळी शिफ्ट चालू झाली की मांडणीवरच्या ताटल्या हलायला लागायच्या. मी पाळण्यात झोपले ती त्या आवाजात. तो बंद पडला की रडायचे म्हणे. त्या आवाजात कोणाला काही सांगायचं तर छातीतून सांगावं लागतं. आणि कारखान्यात तर तेवढ्यानंही भागत नाही. तिथे कोणी कोणाला हाक मारत नाही, कारण हाक पोचतच नाही. जवळ जायचं, खांद्याला दोन बोटं लावायची, माणूस वळला की तोंड त्याच्या तोंडासमोर धरायचं आणि ओठ नीट हलवून बोलायचं. समोरचा अर्धं ऐकतो, अर्धं ओठांवरून वाचतो. न बोलावता मागे जाऊन उभं राहणं, ते आमच्याकडे वाईट. लूमवर सूत घेऊन धावणारा धोटा उडून लागतो, पट्ट्यात हात जातो. खांद्याला हात लावणं म्हणजे मी इथं आहे, सांभाळ, असं सांगणं असतं. बाईंना मी तेच सांगितलं होतं. त्यांनी रुमालानं पुसलं.

बापसाचे कान गेले होते. लूमवर इतकी वर्षं काढली की जातातच. कारखान्यातल्या सगळ्यांचेच थोडेफार जातात, त्याचे जरा जास्त गेले. पण माझा आवाज त्याला ऐकू यायचा. बाकी कोणाचं दोनदा सांगावं लागायचं, माझं एकदाच. "माझी पोर बोलली का कानात दिवा लागतं," असं तो शेजाऱ्यांना सांगायचा. दुपारी गल्लीतली बारकी पोरं ओट्यावर बसवून मी त्यांना पाढे शिकवायचे. लूम चालू असायचे आणि पाढे शेवटच्या खोलीपर्यंत जायचे. बाई व्हायचं ते तिथूनच डोक्यात आलं. आमच्या गल्लीत शिकवायचं तर असाच आवाज लागतो, मला वाटायचं देवानं मुद्दाम दिलाय.

सातवीनंतर मी तो आवाज मारायला लागले.

कसा मारला ते पण सांगते. घशावर हात ठेवून बोलायचे. हाताला थरथर लागली की आवाज अजून खाली आणायचा. शहाण्या घरच्या मुली बघितल्या होत्या, त्या बोलताना मान खाली घालतात, ओठ जेमतेम हलवतात. मी तसंच करायला लागले. आठवीत गेले तोवर मला ते जमलं. आठवीत बाईंनी मला एकदा वर्गात बसून उत्तर देऊ दिलं. "बघ, जमतंय की माणसासारखं बोलायला," म्हणाल्या. आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची मला आज चीड येते.

मग घशानं ऐकायचंच सोडलं. नववीत इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. उभी राहिले, पुस्तक उघडलं, ओठ हलवले. धडा मला येत होता. बाई म्हणाल्या, "ऐकू येत नाही." मी परत वाचलं. "मोठ्यानं वाच." मी प्रयत्न केला, खरंच केला. नुसती हवा बाहेर आली. वर्गात कोणीतरी म्हणालं, भोंगा बिघडला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढची मुलगी उभी केली.

त्या वर्षी मी नापास झाले. नुसत्या तोंडीमुळे नाही, सगळ्यातच मागे पडले होते. आयस, म्हणजे आई, म्हणाली, राहू दे आता, कांड्यांवर बस. मी बसले. शाळेतून नाव काढून घ्यायलाही कोणी गेलं नाही.

कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची छोटी भरलेली दांडी. आम्ही बायका मशीनवर त्या भरतो. भरल्या की लूमवर जातात, रिकाम्या होऊन परत येतात. कापड आम्हाला दिसतही नाही. माझ्या शेजारच्या मशीनवर शमीम आपा बसायची, यूपीची, माझ्या आईच्या वयाची. तिच्याशीही मी मान खाली घालूनच बोलायचे. ती म्हणायची, "ये लड़की बोलती है कि दुआ पढ़ती है?"

आणि एक दुपार आली.

आमच्याकडे वीज जाते ती काही सांगून जात नाही. चालू लूम एकदम थांबतात. सगळ्या गल्लीत असं शांत होतं की कान दुखायला लागतात. ज्यांची बोलणी चालू असतात ती तशीच मोठ्यानं पुढे जातात आणि मग सगळ्यांना सगळं कळतं. कोणाचं भांडण, कोणाचा नवस, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत. नंतर सगळे हसतात आणि आवाज खाली घेतात. पण बापसाला कसं कळणार? त्याच्या कानात लूम कायमच चालू. वीज गेली तेव्हा तो ओट्यावर आयशीशी बोलत होता. मी आत मशीनवर होते. लूमच्या वरताण असा त्याचा आवाज त्या शांततेत निघाला.

"पोर माझ्याशी बोलत का न्हाय गं? मी काय केलंय तिचं? व्हट हलवतंय आनि खाली बघतंय. मना काय आयकू येत न्हाय, काय वाचता येत न्हाय. माझी लाज वाटते का तिना?"

आयस त्याच्या हाताला हात लावत होती, थांब म्हणत होती. त्याला वाटलं ती समजूत काढतेय. तो अजून बोलला.

"सगल्यांचं आयकू येईना, हरकत न्हाय. एक हिचं येत व्हतं. तेवढंच व्हतं मना."

शमीम आपा मराठी फार समजायची नाही, पण तिनं हातातली कांडी खाली ठेवली.

मी तिथंच बसून राहिले. अंगातून आग निघत होती. बाईंचा राग, शाळेचा राग, पण सगळ्यात जास्त कसला राग आला सांगू? बाईंच्या कानाला त्रास होऊ नये म्हणून मी बोलणं गिळलं, आणि ते गेलं कुणाच्या खात्यातून? ज्या माणसाला माझ्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं त्याच्या. त्यांच्या खांद्यावरचे दोन तंतू पुसायला माझ्या बापसाचे उरलेसुरले कान गेले.

बाहेर आले. तो पाठमोरा बसला होता. खांद्याला दोन बोटं लावली. वळला. मी मान वर केली.

"बाबा, मना लाज न्हाय वाटत."

आवाज फुटला नाही. नुसता घोगरा. त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं, कपाळाला आठ्या. "काय?"

परत म्हटलं. परत तसंच. तो थकल्यासारखा हसला, असू दे म्हणून हात केला. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि पाढे म्हणायचे तसं म्हटलं. छातीतून. पार टोकाच्या खोलीतल्या बायका दारात आल्या.

"मना तुझी लाज न्हाय वाटत, बाबा."

त्यानं विचारलं, "कोनी गप केला तुना?"

मी सांगितलं. ओट्यावर, सगळ्यांसमोर, व्हरांड्यापासून भोंग्यापर्यंत सगळं, ते बोळ्यांचं वाक्य सोडून. घसा दुखून आला. तो म्हणाला, "उद्या जाव का साळंत? इचारतो बाईला." मी म्हटलं, नको. तो जाऊन काय करणार होता? बाई त्याच्याशीही तसंच वागल्या असत्या. त्याला व्हरांड्यात उभं केलेलं मला बघवलं नसतं.

त्या दिवसापासून सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी रेशनच्या दुकानात दुकानदारानं माझ्या मागच्या बाईला आधी दिलं आणि मी गप्प उभी राहिले. मान खाली. घरच्यांशी बोलता येत होतं. पण इस्त्रीचे कपडे, चष्मा, टेबल, यातलं काही समोर आलं की घसा बंद. बाई व्हायचं राहू दे, मला दुकानात साखर मागता येत नव्हती. नववी नापास कांडीवाली. दहावी व्हायची, मग बारावी, मग डीएड, मग शाळा. त्याचा विचार केला की मशीनवरचा हात थांबायचा.

एकदा अशीच थांबले होते. समोर रिकाम्या कांड्यांचा ढीग, माझ्या कमरेएवढा. शमीम आपानं बघितलं. तिला वाटलं मी ढिगाला भ्यायले. नव्या पोरी भितातच, पहिल्या दिवशी ढीग बघून रडतात. ती ओरडून म्हणाली, "ढेर को मत देख. हाथवाली को देख. एक भर, फिर दूसरी देखेंगे."

तिला माझ्या मनातलं काय माहीत. ती कामाचंच बोलली. पण मी ते उचललं.

ठरवलं, रोज एक वाक्य. जास्त नाही. ज्याच्यासमोर घसा बंद होतो अशा कोणाला तरी रोज एक वाक्य म्हणायचं, पुऱ्या आवाजात, मान वर करून. दहावी नाही, डीएड नाही, बाई नाही. आजचं वाक्य झालं की आजचा दिवस माझा. झालं नाही तर उद्या.

पहिलं वाक्य रेशनवाल्याला. "माझा नंबर आधी हाय." तीन शब्दांनंतर घाम फुटला. तो म्हणाला, "हो हो, ओरडतेस कशाला?" मी पिशवी पुढे केली, माझं त्या दिवसाचं झालं होतं. दवाखान्यातल्या कंपाउंडरला, "गोळी कवा घ्यायची ते नीट सांगा." पोस्टात, "मना वाचता येतं, कागद इकडे द्या." शेठला सांगितलं ते सगळ्यात अवघड गेलं. कांडी मशीनचा पट्टा उघडा होता, आम्ही बायका वेण्या पदरात खोचून बसायचो. मी त्याच्या ऑफिसात गेले आणि म्हटलं, "शेठ, पट्ट्याला जाळी लावा." तो कोणाशी तरी फोनवर बोलत होता, त्यानं फोनवर हात ठेवला. जाळी लावली नाही. मी दुसऱ्या दिवशी तेच वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढच्या दिवशी. शेवटी वैतागून लावली. आपा म्हणाली, "तेरे गले से तंग आ गया बेचारा."

कितीतरी दिवस असे गेले की वाक्य निघालंच नाही. घरी येऊन भिंतीला टेकून बसायचे. लाज वाटायची की जे दुसऱ्यांना जन्मानं मिळतं, दुकानात जाऊन चार शब्द बोलणं, ते मला असं मोजून मापून कमवावं लागतंय. हे कौतुकानं सांगायची गोष्ट नाही. लोक म्हणतात, वा, थोडं थोडं करत गेलीस. मी म्हणते, थोडं थोडं का करावं लागलं ते विचारा.

लग्नाची स्थळं यायची. बघायला आलेली माणसं बाहेर पडून म्हणायची, पोरगी कामाची आहे पण बोलते मोठ्यानं. बापूस हसायचा. "येतं ना आयकू त्यांना? मग झालं." पुढे त्याला लूम झेपेना, तो घरी बसला, आणि घर माझ्या कांड्यांवर आलं. मग स्थळंही थांबली.

अशी वर्षं गेली. रोजच्या वाक्यांबरोबर पुस्तकं पण आली. गल्लीतल्या पोरांची जुनी पुस्तकं मशीनवर ठेवून वाचायचे, रोज एक पान, मोठ्यानं, लूमच्या आवाजात. कोणाला ऐकू जात नव्हतं, मला जात होतं. यंदा वाटलं, आता दहावीला बाहेरून बसता येईल. सतरा नंबरचा फॉर्म असतो, शाळेत न जाता परीक्षा देणाऱ्यांचा. चौकशी केली तेव्हा कळलं, फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आणि दाखला, जी शाळा सोडली तीच देते. दुसऱ्या कोणाची सही चालत नाही.

मी शाळेत गेले. सकाळची शिफ्ट करून, हातपाय धुऊन, केसातली रुई झटकून. झटकली, आणि मग स्वतःवरच चिडले, कशाला झटकली म्हणून.

बाई आता मुख्याध्यापिका झाल्यात. ऑफिसात दोन तरुण शिक्षिका चहा पीत बसल्या होत्या. क्लार्कनं दाखला लिहून बाईंच्या पुढ्यात ठेवला होता. फक्त सही राहिली होती. बाईंनी चष्म्यातून वर बघितलं आणि चेहरा खुलला. खोटं सांगत नाही, त्यांना खरंच आनंद झाला होता.

"अगं, तू होय. ओळखलंच नाही." मग त्या दोघींकडे वळल्या. "ही आमची भोंगा. मी सांगत नव्हते का तुम्हाला?"

म्हणजे इतकी वर्षं माझी गोष्ट त्या चहाबरोबर सांगत होत्या.

"बरी आलीस. शिपाई मैदानाच्या टोकाला जाऊन बसलाय. तू इथूनच एक हाक मार त्याला. यांचा विश्वास बसत नाही. मार ना, मग करते सही."

पेन हातात होतं. टोपण काढलेलं. दाखल्यावर टेकायला बोटभर अंतर. त्या तरुण शिक्षिकांनी कप खाली ठेवले, ऐकायला.

मला मोह झाला. झालाच. एक हाक. गल्लीत दिवसातून शंभरदा मारते. एका हाकेत दाखला हातात, दहावीचा फॉर्म, पुढचं सगळं. घसा तयारही झाला होता, छाती भरली होती. आणि त्या भरलेल्या छातीवर मला व्हरांड्यातली ती पोर दिसली, तहान लागलेली. हिच्या आवाजावर परत यांनी हसायचं आणि त्या हसण्याची मजुरी म्हणून मला सही मिळणार.

मी छातीतली हवा तशीच धरली आणि बोलायला वापरली.

"बाई, मी ओरडून दाखवायला आली न्हाय. मी दाखल्यावर सही मागायला आली हाय."

खिडकीतून वर्गातली दोन पोरं वळून बघायला लागली. बाईंचं हसू तोंडावरच राहिलं.

"गंमत केली गं. एवढं काय त्यात? आणि अजून हळू बोलता येत नाही तुला."

"येतं. तुमच्या वर्गातच शिकली. दोन वर्षं माझ्या बापसाला माझा एक शब्द आयकू आला न्हाय."

त्यांना काही समजलं नाही. समजणार कसं, त्यांना माझा बापूस माहीतच नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आज वेळ नाही. उद्या ये. आणि ऑफिसात यायचं नाही, पालकांची गर्दी असते. बाहेर व्हरांड्यात थांब."

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात थांबले. मोठी सुट्टी संपली, वर्ग भरले. तेव्हा ऑफिसकडे तोंड करून, मान वर करून, पुऱ्या आवाजात म्हटलं, "बाई, माझ्या दाखल्यावर सही पाहिजे." एकदाच. रोजचं एक वाक्य असतं ना माझं, ते आता हेच. ओळीनं सगळ्या दारांतून तोंडं बाहेर आली. बाई ऑफिसातून बाहेर आल्या नाहीत. मी थोडा वेळ थांबले आणि कामावर गेले.

मग रोज. शिफ्ट करून जायचं, व्हरांड्यात उभं राहायचं, वाक्य म्हणायचं, परत यायचं. शिपाई हाकलायला आला तर त्याला म्हटलं, "बाईंनीच इथं थांबायला सांगितलंय." ते खरंच होतं, तो परत फिरला. पोरं पहिल्यांदा हसली. नंतर हसायची थांबली, माझी वाट बघायला लागली. एका बारक्या मुलीनं विचारलं, "ताई, अजून न्हाय दिली?" तिचा आवाजही चांगला मोठा होता. कुठल्या गल्लीची ते विचारायचं राहिलं.

काल फॉर्मची मुदत संपली.

आज गेले तेव्हा क्लार्क खिडकीतून हळूच म्हणाला, "ताई, आता कशाला येता? यंदाचं गेलं." मग इकडे तिकडे बघून अजून हळू म्हणाला, "ठाण्याला शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा. मी सांगितलं म्हणून सांगू नका." त्याचंही घसा आवळलेलं बोलणं. मला त्याचा राग आला नाही. ठाण्याला जाईन. एक दिवसाचं काम बुडेल, ते बुडवीन. पण आधी माझं वाक्य म्हणून घेतलं. बाई पहिल्यांदाच बाहेर आल्या. थकलेल्या दिसत होत्या.

"मुदत गेली ना गं. आता काय हवंय तुला?"

"पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायचा हाय. दाखल्यावर सही पाहिजे."

"रोज हाच तमाशा करणार आहेस का?"

"रोज येनार हाय," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा लूम जोरात चालू होते. बापूस ओट्यावर बसला होता. त्याला माहीत होतं काल काय तारीख होती. मला बघून त्यानं विचारलं, "झाली का सही?"

वर्ष गेलं. ते खरं आहे, त्याला मी गोड करून सांगणार नाही. पंचविशी आली, दहावी नाही, बाई होणं मला दिसतही नाही कुठे. कधी होईन की नाही ठाऊक नाही. पण उद्याचं वाक्य मला ठाऊक आहे, आणि ते कोणाच्या रुमालानं पुसलं जाणार नाही.

मी त्याच्यासमोर बसले. तोंडासमोर तोंड धरलं.

"न्हाय झाली, बाबा. उद्या परत जानार हाय."

लूमच्या वरून ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. शमीम आपानं आतून मान बाहेर काढली. बापसानं परत विचारलं नाही. एकदाच सांगून त्याला ऐकू आलं होतं.